चष्म्याचा नंबर लेसरने काढावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. गेली चौदा वर्षं पुण्यात लेसरच्या आधीची मोजमापं घेते. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण त्याआधीचे दीड-दोन तास माणूस माझ्यासमोर यंत्राला हनुवटी टेकवून बसलेला असतो, आणि मनातलं सगळं तेव्हाच बोलतो. पुढचे प्रश्न तिथेच ऐकलेले आहेत. उत्तरं वाचून तुमचा निर्णय होणार नाही, तो तुमच्या डोळ्यांच्या तपासणीनंतरच होईल. पण तपासणीला जाताना काय विचारायचं, काय मागायचं आणि कुठे थांबायचं, एवढं तरी हातात असावं म्हणून हे लिहिते आहे.

लेसर केलं की डोळा अगदी नॉर्मल होतो ना?

चष्मा जातो. डोळा होता तसाच राहतो. हा फरक कळल्याशिवाय कुणी सही करू नये, म्हणून हा प्रश्न सगळ्यात वर घेतला.

साधारण डोळा पुढून मागे २४ मिलिमीटर लांब असतो. उणे नंबरचा डोळा त्याहून लांबट वाढलेला असतो आणि ढोबळ हिशेबाने एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे अडीच-तीन नंबर. प्रकाश मागच्या पडद्यापर्यंत पोचायच्या आधीच एकवटतो, म्हणून लांबचं पुसट दिसतं. लेसर या लांबीला हात लावत नाही. बुबुळावरची पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी थोडी सपाट करतो. चष्म्याच्या काचेचं काम कॉर्नियावर कोरून ठेवतो म्हणा ना.

लांब डोळ्याचा मागचा पडदा ताणलेला असतो, तो लेसरनंतरही ताणलेलाच राहतो. उणे सात-आठ नंबर असलेल्या माणसाला पडदा फाटण्याचा किंवा सरकण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि चष्मा गेला म्हणून तो कमी होत नाही. चष्मा गेल्यावर लोक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंच सोडतात, हे मी दर वर्षी पाहते. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. अचानक काळे ठिपके वाढले, विजेसारखी चमक दिसली किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं अंधारलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

व्यायामाने किंवा गाजर खाऊन नंबर जात नाही का?

नाही. लांबट वाढलेला डोळा व्यायामाने आखूड होत नाही. गाजर अवश्य खा, ते नंबरासाठी नको.

मला करता येईल की नाही, हे कशावरून ठरतं?

आधी वय आणि नंबर. अठरा पूर्ण हवीत आणि निदान वर्षभर नंबर स्थिर हवा, म्हणजे अर्ध्या नंबरापेक्षा जास्त हललेला नको. जुने चष्म्याचे कागद सोबत आणा म्हणून सांगतो ते यासाठीच. कागद नसतील तर जुना चष्मा आणा, त्याच्या काचेवरून नंबर काढता येतो. एकोणिसाव्या वर्षी नंबर अजून सरकत असेल तर थांबायचं. आज उणे चार काढले आणि दोन वर्षांत उणे एक परत आला, तर तो परत आलेला नसतो, वाढायचा राहिलेला असतो.

मग कॉर्नियाची जाडी. सरासरी ती साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. एवढ्याशा जाडीत सगळं बसवायचं असतं, म्हणून हिशेब इथे मांडूनच दाखवते. लॅसिक या लेसरच्या पद्धतीत वरचा पापुद्रा साधारण ११० मायक्रॉनचा उचलतात. त्याखाली लेसर एका नंबरामागे ढोबळमानाने १५ मायक्रॉन झिजवतो. जाडी ५२० आणि नंबर उणे ५ असेल तर ११० आणि ७५ वजा जाऊन खाली ३३५ उरतात. चांगलं आहे. आता जाडी ४८५ आणि नंबर उणे ८ धरा. ११० आणि १२० गेले, उरले २५५. खाली किमान २५० उरले पाहिजेत असा जुना दंडक आहे आणि बरेच सर्जन ३०० सोडायला बघतात. त्यामुळे हा डोळा कागदावर पास झाला तरी मी डॉक्टरांना खूण करून ठेवते. एकूण जाडीच्या चाळीस टक्क्यांहून जास्त भाग हलवायचा नाही असाही एक हिशेब आहे आणि त्यात हा डोळा स्पष्ट नापास होतो.

तुमचा हिशेब करून दाखवा, असं समोरच्याला बिनधास्त सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. जाडी किती, किती झिजवणार, खाली किती उरणार, हे तीन आकडे लिहून घेतल्याशिवाय तारीख ठरवू नका.

जाडीपेक्षाही महत्त्वाचा असतो कॉर्नियाचा नकाशा. टोपोग्राफीच्या यंत्रात डोळ्यासमोर वर्तुळं दिसतात आणि स्क्रीनवर रंगीत नकाशा उमटतो. हिरवा म्हणजे ठीक, लाल-केशरी म्हणजे तिथे उंचवटा. खालच्या बाजूला लाल डाग झुकलेला दिसला की माझं पुढचं काम थांबतं. कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखी पुढे येण्याचा एक आजार आहे, केराटोकोनस. अशा डोळ्यावर लेसर केलं तर आधीच कमजोर भिंत आणखी पातळ होते आणि नजर अशी बिघडते की पुढे चष्म्यानेही नीट दिसत नाही. लेसरआधीच्या तपासणीचा सगळ्यात मोठा उपयोग हा आजार पकडण्यासाठी आहे.

याखेरीज डोळ्यांत पाणी पुरेसं आहे का, अंधारात बाहुली किती मोठी होते, डोळ्याचा दाब, मागचा पडदा हे सगळं पाहतात. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आत्ता नको, त्या काळात हार्मोन्समुळे नंबरही हलतो. संधिवात, ल्युपससारखे आजार, ताब्यात नसलेला मधुमेह, डोळ्यात पूर्वी झालेली नागीण हे सगळं आधीच सांगा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. त्याने डोळे कोरडे पडतात आणि ही गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही.

मला डोळे चोळायची सवय आहे. त्याचा इथे काय संबंध?

खूप आहे. केराटोकोनस आणि डोळे चोळणं यांचं नातं जुनं आहे. लहानपणापासून ॲलर्जी, खाज, मुठीने डोळे चोळणं अशी हकीकत या पेशंटांकडून वारंवार ऐकू येते. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ आहे असं समजू नका. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तिशीपुढच्या लोकांची मोठी पाहणी झाली होती, २००९ मध्ये तिचे आकडे प्रसिद्ध झाले. कॉर्नियाचा बाक ४८ डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक) किंवा जास्त हा निकष लावला तर दर शंभरात दोनहून अधिक माणसं त्यात बसली.

चाकणच्या एका कारखान्यातला तेवीस वर्षांचा मुलगा आला होता. सिलिंडर नंबर, म्हणजे कॉर्नियाच्या असमान बाकाचा नंबर, दर सहा महिन्यांनी वाढत होता, दोन वर्षांत तीन चष्मे झालेले. पैसे जमवून, रजा टाकून आला होता. प्रतीक्षा कक्षात बसल्या बसल्या तो उजव्या हाताची बोटं मुडपून, मधल्या पेरांनी डोळा गोल गोल चोळत होता. नकाशा काढायच्या आधीच मला धास्ती वाटली आणि नकाशा तसाच निघाला. त्याला लेसर नाकारलं, पण आजार वेळेवर सापडल्यामुळे रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील प्रकाश देऊन कॉर्निया घट्ट करण्याची क्रिया झाली. आपल्याकडे तिला सी-थ्री-आर म्हणतात. तो चष्मा काढायला आला होता आणि नजर वाचवून गेला. तो दिवस माझ्या कामातल्या चांगल्या दिवसांपैकी एक आहे.

तपासणीला येताना काही पथ्य?

कॉन्टॅक्ट लेन्स आधी बंद करायची. मऊ लेन्स एक ते दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार बदललेला असतो आणि त्यावर घेतलेलं माप चुकीचं येतं. कालपर्यंत लेन्स घातली होती तरी आज तपासणी करून उद्या ऑपरेशन, असं कुणी म्हणालं तर ते ठिकाण सोडा. तपासणीच्या दिवशी बाहुली मोठी करतात, चार-पाच तास जवळचं दिसत नाही आणि उजेड सहन होत नाही. तेव्हा गाडी चालवत येऊ नका.

लॅसिक, स्माइल, पीआरके… यातलं चांगलं कुठलं?

तुमच्या डोळ्याला जे बसेल ते. जाहिरातीत यंत्राचं नाव मोठ्या अक्षरात असतं, पण निर्णयात त्याचा नंबर बराच खाली लागतो.

पीआरके सगळ्यात जुनी पद्धत. पापुद्रा न कापता कॉर्नियावरची वरची नाजूक साल काढून थेट लेसर देतात आणि वर पट्टीसारखी कॉन्टॅक्ट लेन्स चार-पाच दिवस ठेवतात. पहिले तीन दिवस दुखतं, चांगलंच दुखतं, आणि नजर स्थिरावायला काही आठवडे जातात. म्हणून लोकांना नको असते. पण पातळ कॉर्नियासाठी, किंवा कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग खेळणाऱ्यांसाठी मला तीच बरी वाटते. पापुद्राच नाही, तर तो धक्क्याने सरकण्याचा प्रश्नच येत नाही.

लॅसिकमध्ये पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटून खाली लेसर देतात आणि पान परत मिटवतात. पूर्वी हा पापुद्रा पात्याने कापत, आता बहुतेक ठिकाणी फेम्टोसेकंद लेसरने कापतात. दुसऱ्याच दिवशी स्वच्छ दिसतं हा तिचा मोठा गुण. स्माइलमध्ये लेसर कॉर्नियाच्या आतच भिंगाच्या आकाराची पातळ चकती कापतो आणि ती दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून ओढून काढतात. लॅसिकच्या पापुद्र्याची कड साधारण वीस मिलिमीटर असते, त्यामानाने ही चीर अगदी लहान. नसा कमी कापल्या जातात, त्यामुळे सुरुवातीचा कोरडेपणा कमी जाणवतो. अधिक (प्लस) नंबरासाठी मात्र ती आपल्याकडे सहसा वापरत नाहीत.

नंबर उणे आठ-दहाच्या पुढे असेल किंवा कॉर्निया पातळ असेल, तर बुबुळाच्या मागे बसवायची लेन्स असते, आयसीएल. यात कॉर्निया झिजवत नाहीत आणि गरज पडली तर लेन्स काढता येते. पण हे डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे. आत पुरेशी जागा हवी, आणि पुढे दाब वाढण्याचा किंवा मोतीबिंदू लवकर येण्याचा धोका समजून घ्यायला हवा.

ही पद्धत नवी आहे का? आमच्यावर प्रयोग तर होत नाही ना?

चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याच्या मुळाशी मद्रासमध्ये जन्मलेला एक माणूस आहे याचं मला फार अप्रूप आहे. रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर मारला. आजूबाजूचा भाग न जळता नेमकी रेघ कोरली गेली. पुढे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल त्यांच्यासोबत आले आणि कॉर्नियावरचं काम सुरू झालं. पाहणाऱ्या डोळ्यावरची पहिली पीआरके १९८८ मध्ये मार्गरिट मॅक्डोनाल्ड यांनी केली, लॅसिकची सुरुवात १९९० च्या सुमारास ग्रीसमध्ये इओआनिस पॅलिकारिस यांनी केली.

ऑपरेशनच्या वेळी नक्की काय होतं? मला फार भीती वाटते.

भीती वाटणं साहजिक आहे, जागेपणीच करायचं असतं. इंजेक्शन नसतं, बधिर करणारे थेंब घालतात. पापण्या उघड्या ठेवायला बारीक तारेचा चिमटा लावतात, तो दुखत नाही पण विचित्र वाटतं. मग डोळ्यावर एक कडं बसवून हलकीशी ओढ देतात. त्या काही सेकंदांत दाब जाणवतो आणि समोरचं अंधारून येतं. हे आधी माहीत नसलं की माणूस घाबरून डोकं हलवतो, म्हणून मी प्रत्येकाला दोनदा सांगते: अंधार येईल, घाबरायचं नाही, परत दिसतं. पापुद्रा उलटल्यावर वरचा दिवा पाण्यातून पाहिल्यासारखा पसरतो. लेसर चालू झाला की टकटक आवाज येतो आणि केस जळल्यासारखा वास येतो. डोळा जळत नसतो, कॉर्नियाचे सूक्ष्म कण हवेत उडतात त्याचा तो वास. प्रत्यक्ष लेसर काही सेकंदांचा, दोन्ही डोळे मिळून वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर.

नंतरचे चार-सहा तास चुरचुर आणि पाणी. कांदा कापल्यासारखं. घरी जाऊन झोपा, तेच औषध.

आणि मध्येच डोळा हलला तर?

यंत्र डोळ्याच्या हालचालीचा माग ठेवतं, जास्त हलला तर लेसर आपोआप थांबतो. तुम्ही हिरव्या ठिपक्याकडे पाहत राहा, बाकी काळजी आमची.

दुसऱ्या दिवशी कामाला जाता येतं का?

लॅसिक, स्माइलनंतर बरेच जण दोन-तीन दिवसांत जातात. पीआरकेला आठवडाभराची रजा धराच. पण दिसायला लागलं म्हणजे जखम भरली असं नाही. पहिला आठवडा झोपताना डोळ्यांवर ढाली लावायच्या, डोळे अजिबात चोळायचे नाहीत, डोक्यावरून आंघोळ नाही. दुचाकीवर गॉगल हवाच, पुण्यातल्या रस्त्यांवरची धूळ मी तुम्हाला काय सांगायची. काजळ, आयलायनर, पोहणं महिनाभर बंद. रंगपंचमी किंवा गणपती विसर्जन जवळ आलं असेल तर तारीख त्यानंतरची घ्या. गुलाल ताज्या पापुद्र्याखाली गेला तर मोठं दुखणं होतं.

थेंब सांगितले तसेच, सांगितले तितकेच दिवस. त्यातले एक स्टेरॉइडचे असतात. बरं वाटतंय म्हणून काही लोक मेडिकलमधून आणून महिनोन्महिने घालतात, त्याने डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

दिसणं पूर्वीसारखंच राहील ना? रात्री गाडी चालवायला त्रास होतो असं ऐकलं.

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात आणि त्यांना घाईघाईने ‘काही होत नाही’ असं उत्तर मिळतं. मला ते पटत नाही.

६/६ म्हणजे उजळ खोलीत, काळी अक्षरं पांढऱ्या पाटीवर, सहा मीटरवरून वाचता येणं. नजर त्याहून मोठी गोष्ट आहे. रात्री एक्स्प्रेसवेवर समोरच्या ट्रकने अप्पर मारला की दिव्याभोवती वलय दिसणं, त्याच्या रेघा फुटणं, पावसात सिग्नल पसरणं हे सगळं ६/६ च्या माणसालाही होऊ शकतं. बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं किंवा सवयीचं होतं, थोड्यांचं राहतं.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, यावर पाहणी केली आहे. ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. पण त्याच पाहणीत, आधी कुठलंच लक्षण नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी वलय, चमक, दुहेरी प्रतिमा यांपैकी काहीतरी जाणवत होतं आणि कोरडेपणा नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना तो सुरू झाला होता. रोजच्या कामात फार अडचण येणारे एक टक्क्याहून कमी. मी हे सगळे आकडे एकत्र सांगते. एकटा ९५ चा आकडा सांगणं ही फसवणूक आहे आणि एकटा ४६ चा सांगणं ही विनाकारण घाबरवणं आहे. तुम्ही रात्रीच्या गाडीवर ड्रायव्हर असाल तर हे आकडे तुमच्यासाठी जास्त जड आहेत, तेवढं लक्षात घ्या.

कोरडेपणाबद्दल आणखी थोडं. कॉर्नियातल्या नसा डोळ्याला ‘पाणी सोड’ असं सांगत असतात. त्या कापल्या गेल्या की काही महिने तो निरोप नीट पोचत नाही. त्यात दहा तास एसीमध्ये स्क्रीनसमोर, पापणी कमी मिटणारा माणूस असेल तर त्रास ठरलेलाच. म्हणून आधी खालच्या पापणीत टिपकागदाची बारीक पट्टी पाच मिनिटं ठेवून किती ओली होते ते मोजतात. पाच मिलिमीटरच्या आत असेल तर आधी कोरडेपणाचा इलाज, लेसरचं नंतर बघू.

माझं वय ४६. आता करून घेऊ का?

हडपसरहून एक बाई आल्या होत्या, याच वयाच्या, ब्लाउज शिवणाऱ्या. नंबर उणे अडीच. मुलाने पगारातून आईला लेसर करून द्यायचं ठरवलं होतं. बोलता बोलता त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पर्सच्या तुटलेल्या बंदातला दोरा डोळ्यांजवळ धरून पाहिला. मी विचारलं, हुक-काज कसं करता? म्हणाल्या, ‘चष्मा काढून. चष्म्यात सुई दिसत नाही.’

मी त्यांना चाचणीची फ्रेम चढवली, लांबचा नंबर पूर्ण भरून, म्हणजे लेसरनंतर जसं दिसेल तसं. भिंतीवरचं कॅलेंडर बघून त्या हरखल्या. मग हातात सुईदोरा दिला. सुई आधी नाकाजवळ आणली, मग हात लांब केला, तरी नाक्यातून दोरा जाईना. ‘ताई, हे तर उलटंच झालं की.’

चाळिशी सगळ्यांना लागते. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होतं आणि जवळचं पाहायला चष्मा लागतो. उणे नंबरवाल्यांना मात्र चष्मा काढला की जवळचं दिसतं, उणे अडीचचा डोळा चष्म्याविना चाळीस सेंटिमीटरवर स्पष्ट पाहतो. लेसर ही सोय काढून घेतो. लांबचा चष्मा जाऊन जवळचा येतो. ज्यांचं सगळं काम हाताच्या अंतरावर आहे त्यांना हा सौदा परवडत नाही. त्या बाई चष्म्यासकट घरी गेल्या आणि मुलाच्या पैशांतून पिको-फॉलचं मशीन घेतलं, असं पुढच्या वर्षी सांगत होत्या.

एक डोळा लांबसाठी आणि एक जवळसाठी ठेवण्याचा पर्यायही असतो. तो आधी कॉन्टॅक्ट लेन्स घालून आठवडाभर जगून बघा. काहींना जमतं, काहींचं डोकं चढतं. पन्नाशी उलटली असेल तर मोतीबिंदूची सुरुवात आहे का ते आधी पाहा. असेल तर लेसर कशाला, मोतीबिंदूच्या वेळी बसणाऱ्या लेन्समध्येच नंबर काढता येतो.

मुलीचं लग्न ठरवायचंय. स्थळं चष्म्यावरून अडतात. करून टाकू का?

हा प्रश्न आई विचारते आणि मुलगी शेजारी खाली मान घालून बसलेली असते. मी आईंना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगते आणि मुलीला विचारते, तुला हवंय का? बऱ्याचदा हो येतं, तिला स्वतःलाच चष्म्याचा कंटाळा आलेला असतो. मग काही प्रश्न नाही, तपासणी करू. पण ‘मला चालतो, घरच्यांना नको आहे’ असं उत्तर आलं तर मी डॉक्टरांना तसं सांगते. डोळा तिचा आहे, कोरडेपणाही तिलाच सोसायचा आहे. चष्म्याच्या काचेवरून माणूस परत पाठवणाऱ्या घरासाठी निरोगी कॉर्निया कापावी, हे माझ्या मनाला पटत नाही आणि मी ते आईंनाही तोंडावर, आदराने सांगते.

तिला हवं असेल तर लग्नाच्या निदान तीन महिने आधी करा. हळद, मेकअप, जागरणं आणि होमाचा धूर यांत ताजा डोळा नको.

सैन्यात, पोलिसात, रेल्वेत जायचंय. लेसर चालतं का?

पद पाहून. सैन्यदलांच्या अधिकारी भरतीत काही प्रवेशांना चालतं, पण अटी आहेत: ऑपरेशन विसाव्या वर्षानंतरचं हवं, त्याला बारा महिने झालेले हवेत, डोळ्याची लांबी २६ मिलिमीटरच्या आत, कॉर्निया किमान ४५० मायक्रॉन आणि उरलेला नंबर एकच्या आत. एनडीएची मुलं विशीच्या आतली असतात, त्यांच्यासाठी घाईने लेसर करण्यात अर्थ नाही. रेल्वेच्या लोको पायलटला लेसर केलेला उमेदवार चालत नाही. अटी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात वाचूनच ठरवा. आणि लपवू नका, टोपोग्राफीत लेसर केलेला डोळा लगेच ओळखू येतो. करून घेतलं की परत फिरता येत नाही, हे अकादमीतल्या मुलांनी मनात पक्कं धरावं.

खर्च किती? विमा मिळतो का?

पद्धतीनुसार काही दहा हजारांपासून लाखाच्या वर. पॅकेजमध्ये तपासणी, थेंब, वर्षभराच्या भेटी आणि गरज पडल्यास पुन्हा लेसर हे सगळं धरलं आहे का, ते लिहून घ्या. आरोग्य विम्यात साडेसातपेक्षा कमी नंबरासाठीचा खर्च वगळलेला असतो, त्यामुळे बहुतेकांना मिळत नाही. नंबर त्याहून जास्त असेल तर आधी पॉलिसी वाचून दावा करून पाहा.

मी सुरुवातीला ज्या ठिकाणी नोकरी केली तिथे तपासणीच्या आधीच पैसे भरून घेत, ‘आज बुक केलं तर इतके कमी’ म्हणून. पैसे भरलेल्या माणसाला नाही म्हणणं सगळ्यांनाच जड जायचं, मलाही. ती नोकरी मी सोडली. तेव्हापासून एक सांगते: तपासणीचे पैसे वेगळे द्या, रिपोर्ट हातात घ्या, घरी जा, दोन रात्री जाऊ द्या आणि मग ठरवा.

मी परदेशात असतो. डिसेंबरच्या सुट्टीत तीन आठवड्यांसाठी येतोय, उरकून घेऊ का?

जमतं, पण क्रम नीट लावा. लेन्स तिकडेच बंद करून या. आल्या आल्या तपासणी, पहिल्या आठवड्यातच ऑपरेशन, म्हणजे दुसऱ्या दिवसाची आणि आठवड्याची भेट इथे होते. महिन्याची आणि तीन महिन्यांची भेट तिकडे कोण पाहणार ते आधी ठरवा. ‘बाहेरचं ऑपरेशन आम्ही बघत नाही’ असं उत्तर तिकडे मिळू शकतं.

नंबर परत येतो का?

थोडासा येऊ शकतो. जितका मोठा नंबर, तितकी शक्यता जास्त, अधिक (प्लस) नंबरात आणखी जास्त. पुन्हा लेसर करायचं तर खाली पुरेशी जाडी उरलेली हवी. पहिल्याच वेळी काठावरचा हिशेब का नको, त्याचं हेही एक कारण. अर्धा-पाऊण नंबर आला तर रात्रीच्या ड्रायव्हिंगपुरता चष्मा ठेवला तरी चालतं.

मला ‘नाही’ सांगितलं. दुसरीकडे विचारू?

जरूर विचारा, रिपोर्ट घेऊन. पण दोन ठिकाणी नकाशा पाहून नाही म्हणाले तर तिसरा ‘हो’ शोधत हिंडू नका. आयसीएल बसते का ते विचारा, नाहीतर चष्मा आहेच. आणि एक डोळा लहानपणापासून आळशी असेल तर चष्म्याने जेवढं दिसतं त्याहून जास्त लेसरनेही दिसणार नाही. एकाच डोळ्याने नीट दिसत असेल, तर तो एकुलता डोळा या कामासाठी धोक्यात घालू नये, हे माझं ठाम मत.

झाल्यावर कागद किती दिवस ठेवायचे?

मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत. मोतीबिंदूत बसवायच्या लेन्सचा नंबर कॉर्नियाच्या बाकावरून काढतात, आणि लेसरने तो बाक बदललेला असतो. नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर लेन्स चुकते. डोळ्याचा दाबही लेसरनंतर आहे त्याहून कमी दाखवला जातो, त्यामुळे काचबिंदू नजरेतून सुटू शकतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी लॅसिक केलेली माणसं आता माझ्याकडे मोतीबिंदूसाठी येऊ लागली आहेत. ‘तेव्हा नंबर किती होता?’ विचारलं की ‘सहा होता, की सात…’ म्हणून बायकोकडे बघतात. तेव्हा ऑपरेशनच्या आधीचा नंबर, जाडी, दोन्ही डोळ्यांचा नकाशा आणि ऑपरेशनची नोंद एवढे चार कागद मागून घ्या, त्यांचे फोटो काढा, आणि मूळ प्रती घरात जिथे जन्माचा दाखला ठेवता त्याच फाइलमध्ये लावा.